अठराव्या शतकातल्या बायका गप्प होत्या का? (सातारा-सांगलीकडचे कागद)

माहुलीची

मराठी वाङ्मयाचा कुठलाही इतिहास काढा आणि अठराव्या शतकाचं प्रकरण उघडा. श्रीधर, महिपती, मोरोपंत. मग शाहीर मंडळी: अनंत फंदी, रामजोशी, होनाजी, परशराम, सगनभाऊ. प्रकरण संपतं, बाईचं नाव काही येत नाही. त्याआधी मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई आहेत, सतराव्या शतकात बहिणाबाई आणि मिरजेच्या मठाच्या वेणाबाई आहेत. नंतर एकदम १८५४ साली सावित्रीबाईंचं 'काव्यफुले' येतं, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीचं. मधली दीडशे वर्षं बायकांची दातखीळ बसली होती की काय?

मला हे पटत नाही. कारण राजकारणात बायकांनी सगळ्यात जास्त उलथापालथ केली ती याच शतकात. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या. पुढची सात वर्षं त्यांनी औरंगजेबाला झुंजत ठेवलं. त्याच साली बादशहानं आधी साताऱ्याचा किल्ला घेतला, मग परळीचा, म्हणजे आपला सज्जनगड. समर्थ १६८२ ला गेले, त्यांच्या शिष्या अक्कास्वामी १७२१ ला; या मधल्या धामधुमीच्या जवळजवळ चाळीस वर्षांत मठाची घडी सांभाळणाऱ्यांत ही बाई पुढे होती. १७१९ ला येसूबाई तीस वर्षांची मोगली कैद संपवून दिल्लीहून साताऱ्यात आल्या. १७३१ ला वारणेचा तह झाला, त्याच सुमारास ताराबाईही कोल्हापूर सोडून साताऱ्याला येऊन राहिल्या. म्हणजे ज्या पुतण्याशी, शाहू महाराजांशी, गादीसाठी भांडण, त्याच्याच राजधानीत.

आणि त्या तिथे जपमाळ ओढत बसल्या नाहीत. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात वारले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ताराबाईंनी, स्वतःच नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजाला, म्हणजे नव्या छत्रपतीला, किल्ल्यावर कैद केलं. तेव्हा त्यांचं वय पंच्याहत्तर. उमाबाई दाभाड्यांशी संधान बांधलं, दमाजी गायकवाडांना गुजरातेतून साताऱ्यावर बोलावलं. वेण्णेकाठी दमाजीचा मोड झाला, तरी बाईंनी किल्ला सोडला नाही. शेवटी नानासाहेब पेशव्यांनाच १७५२ ला जेजुरीत तडजोड करावी लागली.

आता सांगा, अशा बायका काही लिहीत-लिहवत नव्हत्या? लिहीत होत्या. पत्रं.

ही पत्रं आपल्याच अंगणात सापडलेली आहेत. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिक्षक होते, पटवर्धन सरदारांची दप्तरं चाळून त्यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला घेतला. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, तो वाईत मिळालेल्या कागदांवर उभा आहे. पारसनीस तर साताऱ्यातच बसून छापत होते. या बाडांत बायकांची पत्रं आहेत. पण ती राजकारणाच्या पोटात. कुणाची फौज कुठे, कर्ज किती, कोण फितूर, हे शोधणाऱ्याच्या हाताला ती लागतात. वाङ्मयवाले तिकडे फिरकत नाहीत.

गोपिकाबाई घ्या. वाईच्या रास्त्यांची लेक, नानासाहेबांची बायको. १७६१ मध्ये मुलगा विश्वासराव पानिपतावर गेला, त्याच वर्षी नवरा गेला, १७७२ ला माधवराव, १७७३ ला नारायणरावाचा खून. ही बाई नाशिकजवळ गंगापूरला राहत होती. तिथून नातवाला, पोरसवदा सवाई माधवरावाला, तिनं पत्र लिहिलं: सकाळी उठल्यापासून कसं वागावं, याची कलमंच्या कलमं. लाड नाही, रडगाणं नाही. तीन मुलगे गमावलेली आजी उरलेल्या एकुलत्या नातवाला शिस्त शिकवते आहे. मला मराठी गद्यात याच्या जोडीला बसवायला फार थोडं सापडतं.

दुसऱ्या अनुबाई घोरपडे, इचलकरंजीच्या. बाळाजी विश्वनाथांची लेक, पहिल्या बाजीरावांची बहीण. नवरा व्यंकटराव गेल्यावर मुलगा हाताशी असूनही दौलत बहुतेक त्यांनीच चालवली, कर्नाटकच्या स्वाऱ्यांत स्वतः गेल्या. खऱ्यांनी इचलकरंजी संस्थानचा इतिहास लिहिला आहे, त्यातली ही बाई वाचताना मुलाची थोडी कीवच येते.

माझं म्हणणं एवढंच: 'भाऊसाहेबांची बखर' आपण वाङ्मय म्हणून अभ्यासाला लावतो. मेणवलीच्या नाना फडणिसांचं त्रोटक आत्मचरित्र, त्यातली पानिपतावरची आईची ताटातूट, हेही वाङ्मय म्हणून वाचतो. बरोबरच आहे. मग गोपिकाबाईंचं पत्र तेवढं 'साधन' कसं? कवितेत बाई नाही म्हणून शतकात बाई नाही, असा हा हिशोब आहे.

जाणकारांनी भर घालावी. झोडपलं तरी चालेल, पण पूर्ण वाचून झोडपा.

---

किल्लेदार_सातारा

लय भारी लिवलंय ताई. वाचनखूण साठवली. आम्ही रोज किल्ल्यावर पळायला जातो, पण ताराऊंनी राजालाच वर कोंडून ठेवलेलं हे निम्म्या पोरांना ठाऊक न्हाई.

एक विचारायचं होतं. शाहू महाराजांसंगं त्यांच्या राणी सकवारबाई सती गेल्या ना माहुलीला? का जबरदस्तीनं पाठवल्या?

---

माहुलीची

@किल्लेदार, दबाव होता असंच बहुतेक इतिहासकार लिहितात. सकवारबाईंना रामराजा नको होता, त्या पेशव्यांच्या विरोधात होत्या, आणि महाराज जाताच त्यांना सती जाण्याच्या कोंडीत धरलं गेलं. सतीची वस्त्रं अंगावर चढली की ती बाई देवी होते, मग तिचं मत कोण विचारतो? संगमावर आलात तर घाटावर जरा थांबून बघा. शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी दाखवायला दहा जण पुढे येतात. सकवारबाईंचं नाव काढणारा मला अजून भेटायचा आहे.

---

मोडीवाचक

पूर्ण वाचलं, त्यामुळे आता झोडपायला हरकत नसावी.

माहुलीताई, पत्र 'लिहिलं' म्हणजे काय, हे आधी ठरवा. मोडी दप्तरात बसलेल्या कुणालाही हे माहीत असतं की पत्र कारकून लिहितो. मायना ठरलेला. सुवासिनीला 'वज्रचुडेमंडित', विधवेला 'गंगाभागीरथी', पुरुषाला 'राजश्री' आणि पुढे सतरा विशेषणं. शेवटही ठरलेला: 'बहुत काय लिहिणे'. मधला मजकूर बाईनं सांगितला किती, कारभाऱ्यानं घातला किती आणि कारकुनानं वळण दिलं किती, हे सांगायची सोय नाही. ताराबाईंच्या नावच्या कागदांत ताराबाई किती आणि रामचंद्रपंत अमात्य किती? अशा गद्याला 'बायकांचं साहित्य' म्हणणं मला घाईचं वाटतं.

आणि दुसरं. ज्या बायकांची पत्रं राहिली त्या राण्या, पेशविणी, सरदारणी. चारपाच घराणी. त्यांच्यावरून शतकाबद्दल बोलायचं?

---

माहुलीची

पहिल्या मुद्द्यावर: मग नाना फडणिसांची हजारो पत्रंही कारकुनांनीच लिहिली. तिथे आपण 'नानांची लेखणी' म्हणतो. पुरुषानं सांगितलं की लेखणी त्याची आणि बाईनं सांगितलं की कारकुनाची, हा कुठला न्याय? माहुलीच्या रामशास्त्र्यांकडेच दाद मागायला हवी.

पत्रातला ठरीव भाग सोडा. गोपिकाबाईंच्या पत्रात नातवाच्या दिवसाची जी बारीकसारीक आखणी आहे ती कुठला कारकून स्वतःच्या मनानं घालेल? एवढी छाती कुणाची?

दुसरा मुद्दा मात्र खरा आहे आणि मलाही तोच सलतो.

---

वाईकरीण

माहुलीताई, लेख आवडला, पण तुम्ही एक गोष्ट अगदी नाकासमोर असून सोडलीत. अठराव्या शतकातलं कुठलं मराठी पुस्तक आज घराघरात वाचलं जातं? मोरोपंतांच्या आर्या परीक्षेपुरत्या. बखरी अभ्यासकांपुरत्या. पण श्रीधरस्वामींचं 'शिवलीलामृत', १७१८ सालचं, आमच्या वाईत दर सोमवारी कितीतरी घरांत उघडतं, आणि ते बायका उघडतात. श्रावणात तर विचारूच नका. नुसत्या अकराव्या अध्यायाची वेगळी पुस्तिका मिळते, इतका त्याला उठाव आहे. माझ्या सासूबाईंचा अकरावा पाठ आहे, पोथी नुसती समोर ठेवायला लागते.

आता त्या अकराव्यात काय आहे बघा. महानंदा नावाची वेश्या. शिव सौदागराच्या रूपानं येतो, तिला कंकण देतो, ती तीन दिवसांची त्याची पत्नी व्हायचं वचन देते. त्यानं ठेवायला दिलेलं लिंग आगीत जळतं, तो अग्निप्रवेश करतो आणि ती वचन पाळायला स्वतःही आगीत उडी घ्यायला निघते. शिव तिला वाचवतो, हे खरं. पण तीन दिवसांच्या बायकोलाही सहगमन, हा त्या शतकाचा विचार! आणि सहाव्यातली सीमंतिनी? नवरा नदीत बुडाला, ही सोमवारचं व्रत सोडत नाही, नवरा परत येतो. ज्या घरात वैधव्याचा अर्थ केशवपन आणि अंधारी खोली असा होता, त्या घरातल्या बाईनं ही कथा ऐकताना काय ऐकलं असेल? मला तरी ती नुसती पतिव्रतेची शिकवण वाटत नाही. 'परत येऊ शकतो' ही आशा आहे तिच्यात.

तर लिहिलं पुरुषानं, हे कबूल. पण टिकवलं कुणी? वाङ्मयाच्या इतिहासात ऐकणारीला जागा द्या म्हणते मी.

---

किल्लेदार_सातारा

वाईकरीण काकू +१. आमच्या आईचा बी अकरावा चुकत न्हाई.

---

भुंगा

एवढा मोठा धागा आणि आनंदीबाईचं नाव नाही? 'ध' चा 'मा' विसरलात की सोयीनं वगळलात? :)

---

माहुलीची

@भुंगा, तो कागद कुणी पाहिलेला नाही. नारायणरावाच्या खुनाबद्दल रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते राघोबादादांना. अक्षर बदलल्याची गोष्ट मात्र आपण दोनशे वर्षं रंगवून सांगतो. बाईनं लिहिलेलं एकच अक्षर मराठी माणसाला पाठ आहे, आणि त्याला पुरावा नाही. पुढे चला.

---

हळदबाजार

आम्ही सांगलीचे, त्यामुळे थोडं पटवर्धनी पुराण. तेव्हा सांगली म्हणजे खेडं, संस्थान झालं ते १८०१ ला चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेपासून वेगळे झाल्यावर. अठराव्या शतकात दबदबा मिरज आणि तासगावचा. तासगावच्या गणपतीचं दक्षिणी थाटाचं गोपुर बांधणारे परशुरामभाऊ पटवर्धन सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या घरातली एक हकीकत आमच्याकडे अजून सांगतात. भाऊंची मुलगी लग्नानंतर लगेच विधवा झाली, अगदी लहान वयात. भाऊंना तिचा पुनर्विवाह करावासा वाटला. शास्त्री-पंडितांकडे विचारणा झाली, रामशास्त्री अनुकूल होते म्हणतात. पण शेवटी घरातूनच, मुलीच्या आईकडूनच, नकार आला आणि विषय मिटला.

१७९९ ला पट्टणकोडोलीला लढाईत पडलेला एवढा मोठा सेनापती घरात हरला, असं आमचे आजोबा सांगायचे.

---

मोडीवाचक

ही हकीकत रानडे-काळापासून सुधारकांनी फार वापरली. 'बघा, पेशवाईतसुद्धा विचार झाला होता' असं सांगायला ती सोयीची होती, म्हणून मी जपून घेतो. दंतकथेवर इमले नकोत.

त्यापेक्षा सरकारी हुकूम बघा. पेशवाईच्या उतरत्या काळात वाई प्रांतातल्या ब्राह्मणांना ताकीद आहे: मुलीच्या लग्नात वरपक्षाकडून पैसा घेऊ नये. घेणारा, देणारा, मध्यस्थ, सगळे दंडाला पात्र. म्हणजे वाई प्रांतात मुली विकल्या जात होत्या आणि सरकारला हात घालावा लागण्याइतक्या विकल्या जात होत्या. ताकीद वाचताना नेहमी उलट वाचावी. जे करू नका म्हणतात ते चाललेलं असतं.

---

वाईकरीण

वाईच्या ब्राह्मणांची अब्रू चव्हाट्यावर :D पण खरं आहे ते. बिजवर, तिजवर पैसेवाले आणि आठ-नऊ वर्षांच्या मुली. पुढे विधवांचं पीक येणार नाही तर काय होणार?

---

नांगरट

इतका वेळ वाचतोय. कऱ्हाडकडचा शेतकरी माणूस, पण इतिहासाची आवड. सगळी चर्चा पेशविणी आणि ब्राह्मण विधवांभोवती फिरायला लागली म्हणून लिहितो.

आमच्यात पाट होता. मोहतूर म्हणा. विधवा बाई दुसरं घर करायची, जातीची ना नव्हती, आणि सरकार त्यावर पाटदाम घ्यायचं. म्हणजे एकीकडे शास्त्रार्थ चाललाय की विधवेचं लग्न करावं का, आणि दुसरीकडे तेच सरकार विधवेच्या लग्नावर कर वसूल करतंय! सुधारणा वगैरे शब्द नंतरचे. बहुसंख्य बायकांना पुनर्विवाहाची मोकळीक आधीपासून होती, फुकट नव्हती एवढंच.

आणि कुणबिणींचं, म्हणजे बटकींचं, काय? खरेदी-विक्री व्हायच्या त्या. मोठ्या वाड्यांत, कोठ्यांत, पागांत राबायच्या. लग्नात आंदण म्हणून जायच्या. बदकर्माचा आरोप आलेल्या बाईला पकडून सरकारी कुणबीण केल्याचे, किल्ल्यावर कैदेत टाकल्याचे निवाडे पेशवे दप्तरात आहेत. बरोबरचा पुरुष पुष्कळदा दंड भरून सुटायचा. ताराबाईंनी ज्या किल्ल्यावर राजाला कोंडलं, तसल्या किल्ल्यांवर या बायका कोठाराचं काम करत होत्या. त्यांचं पत्र कुठाय?

---

माहुलीची

नांगरटदादा, यावर माझ्याकडे उत्तर नाही असं म्हणवत नाही, अर्धं उत्तर आहे. त्यांचं पत्र नाही, पण जबानी आहे. निवाड्यांत बाईनं पंचांपुढे काय सांगितलं ते कारकुनानं टिपलेलं असतं. नवऱ्यानं टाकलं, दुष्काळात पोरासकट विकलं, अमक्याच्या घरी होते, तिथून पळाले. राणीच्या पत्रात जेवढी राणी असते त्यापेक्षा या चार ओळींत बाई जास्त असते, असं मला पुष्कळदा वाटतं. मोडीवाचकांचा कारकून इथेही मध्ये आहेच, पण इथे त्याला सजवायचं काही कारण नव्हतं.

मला वाटतं, पत्रांच्या शेजारी या जबान्या ठेवल्या तरच माझं म्हणणं पुरं होईल. पाटाचं तुम्ही सांगितलंत ते तर मूळ लेखातच यायला हवं, संपादित करून घालते.

---

फडकरी

शाहिरांबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी. अख्खी लावणी बाईच्या तोंडी आहे हो! नवरा मुलूखगिरीवर गेलाय, दसऱ्याला शिलंगण करून निघालेला पावसाळ्याआधी यायचा तो आलाच नाही, शेजपलंग रिकामा. रामजोशी, होनाजी, परशराम, सगळ्यांकडे हीच बाई. यापेक्षा बायकांचं मन कुठे सापडणार?

---

वाईकरीण

फडकरी भाऊ, ते मन होनाजीचं आणि गळा बाळा करंजकराचा. समोर नाचायचा तो बहुतेक वेळा लुगडं नेसलेला पोऱ्या. ऐकायला बसलेले सगळे पुरुष, तेही स्वतःची बायको घरी ठेवून आलेले. नवरा नाही म्हणून झुरणारी बाई ही त्या शिपाईगड्यांना हवी असलेली बाई आहे. मागे राहिलेल्या खऱ्या बाईला झुरायला वेळ कुठला? सावकाराचं देणं, बैल, सासू, सरकारसाऱ्याचा तगादा.

---

फडकरी

काकू, लावणीवर एवढा राग नको. मुलूखगिरीमुळे घरं वर्षानुवर्षं पुरुषांवाचून राहत होती हे तरी लावणीच सांगते ना? बखरीत फौज निघाल्याचं असतं, मागं राहिलेल्या घराचं नसतं. आणि पुरुषानं बाईच्या तोंडून बोलू नये असा नियम काढलात तर विराण्या, गौळणी, सगळंच बाद करावं लागेल. ज्ञानोबापासून.

---

वाईकरीण

बाद कुठे करतेय? बाईचं मन म्हणून विकू नका, एवढंच. मोरोपंतांचं 'सीतागीत' निदान बायकांनी म्हणावं म्हणून रचलेलं होतं, आणि त्या ते म्हणतही होत्या. लावणी पुरुषांनी पुरुषांसाठी.

---

घरोट

उशिरा आले, पण माझ्या आवडीचा विषय निघणारच होता. जात्यावरच्या ओव्या. गेल्या तीस-चाळीस वर्षांत महाराष्ट्रात एक लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या आहेत, गावं, गायिका नोंदवून. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सीतेचा वनवास आहे, दारूडा नवरा आहे. नांगरटदादांनी विचारलेल्या बायकांचं वाङ्मय असेल तर ते हे. कारकून नाही, शाहीर नाही, पोथीवाला नाही.

सीतेच्या ओव्या मुद्दाम वाचा. रामाला इतकं स्पष्ट सुनावलेलं कुठल्याही पंडित कवीनं लिहिलेलं नाही.

---

मोडीवाचक

ओव्या अप्रतिम आहेत यात वाद नाही. पण त्या अठराव्या शतकातल्या कशावरून? मोटारीच्या, चहाच्या ओव्याही त्याच संग्रहात आहेत. तोंडी परंपरेला तारीख लावता येत नाही. सीतेची ओवी १७५० ची असेल, १९२० ची असेल. मला कागदावर शुहूर सन आणि चंद्र, म्हणजे तारीख, दिसला की झोप येते, नाहीतर येत नाही, हा माझा रोग समजा.

---

घरोट

रोग मान्य :) पण माहुलीताईंच्या प्रश्नाला तारीख लागतेच कशाला? १७५० साली बायका पहाटे दळत होत्या ना? मुक्यानं दळत होत्या असं कोण म्हणेल? नेमकी कुठली ओवी तेव्हाची हे सांगता येणार नाही, पण ओवी होती. तुमच्या वाङ्मयेतिहासात तेवढी तरी ओळ हवी.

---

मोडीवाचक

तेवढी ओळ लिहायला माझी हरकत नाही. पान नाही देणार.

---

माहुलीची

मोडीवाचकांनी एक ओळ दिली, आजचा दिवस साजरा करायला हरकत नाही.

मी मूळ म्हणण्यावर ठाम आहे. ओव्यांना तारीख नाही, पोथी पुरुषाची, लावणी पुरुषांसाठी. तारीखवार, नावानिशी, बाईच्या तोंडून निघालेलं असं अठराव्या शतकातलं मराठी हवं असेल तर पत्रं आणि जबान्या, दुसरं काही नाही. आणि त्यांतलं जे छापलं गेलं तेही पुरुषांनी राजकारणाच्या चाळणीतून छापलं. खऱ्यांनी 'खाजगी' म्हणून, राजवाड्यांनी 'किरकोळ' म्हणून काय काय बाजूला सारलं असेल, देव जाणे. लग्नाच्या याद्या, बाळंतपणाची चौकशी, चोळीबांगडीला लावून दिलेल्या गावांचे हिशोब. ते बघायला हवं.

---

हळदबाजार

विषय निघाला म्हणून. आमच्या तासगावच्या जुन्या घरात माळ्यावर मोडी कागदांचा एक रुमाल आहे. लाल फडकं, वरून सुतळी. जमिनीचे कागद असतील म्हणून कुणी सोडला नाही. काय करावं?

---

मोडीवाचक

एकदम सोडू नका. कोरड्या दिवशी, पंखा बंद करून, मोठ्या टेबलावर. घडी घातलेले कागद कडक झाले असतील तर जोर करून उलगडू नका, तुकडे पडतात. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं ठेवा, क्रम हीसुद्धा माहिती असते. प्रत्येकाचा पाठपोट फोटो काढा, उन्हात नको, खिडकीच्या उजेडात. पाठीमागे एखादी ओळ असते ती सोडू नका, पुष्कळदा तारीख आणि विषय तिथेच असतो.

फोटो इथे चढवण्याआधी मला व्यक्तिगत निरोप करा. जमिनीचे कागद असतील तर भावकीतले चार जण धाग्यावर येतील आणि माहुलीताईंचं अठरावं शतक बाजूला राहील.

---

माहुलीची

आणि मायना 'गंगाभागीरथी' दिसला तर आधी मला!

---

हळदबाजार

दिवाळीला गावी जाणार आहे तेव्हा बघतो. किल्ली आजीकडे असते, आणि भावकीचं नाव काढलं की आजी किल्ली देत नाही.